लॉगिन होतं, पण होम येत नाही: लिनक्स लॅबमधलं ऑटोमाउंट कसं तपासायचं

नाशिकच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब घ्या. चाळीस लिनक्स मशीन. विद्यार्थिनी सोमवारी सातव्या मशीनवर बसते, गुरुवारी एकविसाव्या. तिचा प्रोजेक्ट दोन्हीकडे तसाच्या तसा दिसायला हवा. सातपूर-अंबडच्या डिझाइन ऑफिसांतही गरज हीच असते, फक्त प्रोजेक्टच्या जागी ड्रॉइंग आणि सिम्युलेशनच्या फाइल्स. म्हणून सगळ्यांच्या होम डिरेक्टरी (प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर, थोडक्यात 'होम') एका सर्व्हरवर ठेवतात, आणि ज्याने लॉगिन केलं त्याची तेवढीच डिरेक्टरी त्या क्षणी त्या मशीनला जोडली जाते, म्हणजे 'माउंट' होते. काही वेळ कुणी हात लावला नाही की ती आपोआप सुटते. हे जोडणं-सोडणं (ऑटोमाउंट) बहुतेक ठिकाणी 'ऑटोएफएस' हा प्रोग्राम करतो.

बिघडलं की सगळा दोष त्याच्यावर जातो आणि ती सर्व्हिस पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केली जाते. पण होम समोर येण्याआधी बरंच काही जुळावं लागतं: सिस्टिमला खातं ओळखता यावं, मॅप (कुठलं होम कुठून आणायचं याची यादी) वाचता यावा, सर्व्हर सापडावा, सर्व्हरने परवानगी द्यावी, आणि माउंट झाल्यावर फाइलींची मालकी जुळावी. द्राक्षबागेत शेवटच्या ड्रिपरला पाणी आलं नाही तर आपण मोटर, फिल्टर, सबमेन, लॅटरल असे क्रमाने बघत जातो. इथेही क्रमच कामाला येतो. प्रत्येक टप्प्याला वेगळा प्रश्न विचारायचा आणि जिथे उत्तर चुकतं तिथे थांबायचं.

कमांड, फाइलींची नावं आणि एरर या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायच्या.

उदाहरणाची मांडणी

समजा सर्व्हरचं नाव 'गोदा', पत्ता १९२.१६८.१०.५. होम डिरेक्टरी त्याच्यावर '/एक्स्पोर्ट/होम' मध्ये आहेत. लॅबमधल्या मशीनची नावं 'सातपूर-०१' पासून पुढे. खातं 'स्वप्नाली'. क्लायंटवर, म्हणजे लॅबमधल्या मशीनवर, दोन फाइली महत्त्वाच्या. '/ईटीसी/ऑटो.मास्टर' मध्ये ही ओळ:

/होम   /ईटीसी/ऑटो.होम   --टाइमआउट=६००

आणि '/ईटीसी/ऑटो.होम' मध्ये ही:

*   -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू,हार्ड   गोदा:/एक्स्पोर्ट/होम/&

पहिली ओळ सांगते की '/होम' आता ऑटोएफएसच्या ताब्यात आहे, आणि वापर थांबल्यावर ६०० सेकंदांनी माउंट सोडायचं. दुसऱ्या ओळीतलं 'एनएफएस' म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणारी पद्धत, चांदणी म्हणजे कुठलंही नाव, आणि '&' च्या जागी तेच नाव भरलं जातं. '/होम/स्वप्नाली' ला कुणी हात लावला की 'गोदा:/एक्स्पोर्ट/होम/स्वप्नाली' माउंट होतं. एवढ्या दोन ओळींवर अख्खी लॅब चालते.

आधी एरर नीट वाचा

ग्राफिकल लॉगिन काहीच सांगत नाही. पासवर्ड टाकला, स्क्रीन काळी झाली, पुन्हा लॉगिनचं पान आलं, एवढंच दिसतं. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा आणि त्याच खात्याने लॉगिन करा. तिथे सिस्टिम मोकळेपणाने बोलते.

'नो डिरेक्टरी, लॉगिंग इन विथ होम=/' असं आलं तर खातं आणि पासवर्ड ठीक आहेत, फक्त होम मिळालेलं नाही. एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधून) आलात तर हीच गोष्ट 'कुड नॉट सीएचडीआयआर टू होम डिरेक्टरी' अशी दिसते. त्या ओळीच्या शेवटचे शब्द निर्णायक असतात. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असेल तर माउंट झालेलं नाही. 'परमिशन डिनाइड' असेल तर बहुधा माउंट झालंय, पण आत जाऊ देत नाहीये. हे दोन बिघाड पूर्णपणे वेगळे आहेत आणि दोन्हींना एकच औषध लावण्यातच बराच वेळ वाया जातो. 'स्टेल फाइल हँडल' तिसराच प्रकार. आणि काहीच न येता कर्सर लुकलुकत राहिला, तर सर्व्हर किंवा नेटवर्क उत्तर देत नाहीये.

कन्सोलवर लॉगिन होऊन होमसुद्धा आलं, फक्त डेस्कटॉप उघडत नाही, असं असेल तर ऑटोमाउंट निर्दोष आहे. सर्व्हरवरचा कोटा किंवा डिस्क भरली आहे का ते आधी बघा. डेस्कटॉपला सुरू होताना होममध्ये छोट्या छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागा शून्य असेल तर तो तिथेच पडतो.

खातं काय म्हणतं

पहिली कमांड 'गेटएंट पासडब्ल्यूडी स्वप्नाली'. उत्तरात कोलनने तोडलेले सात रकाने येतात. तिसरा यूआयडी (खात्याचा आकडा), सहावा होमचा पत्ता. उत्तरच आलं नाही तर एलडॅप (खात्यांची मध्यवर्ती यादी) किंवा एसएसएसडी (ती यादी क्लायंटवर आणून देणारी सर्व्हिस) यांच्याकडे जा, ऑटोएफएसला हात लावू नका.

उत्तर आलं तर सहावा रकाना अक्षर न अक्षर तपासा. तिथे '/होम/स्टुडंट्स/स्वप्नाली' लिहिलंय आणि मॅप '/होम' साठी एकाच पातळीचा आहे, तर ऑटोएफएस 'स्टुडंट्स' नावाचं होम शोधत बसेल. एलडॅपमध्ये हा पत्ता नुकताच बदलला असेल तर क्लायंटवरचा एसएसएसडी जुनंच उत्तर देत राहू शकतो. 'एसएसएस_कॅश -ई' (कॅपिटल ई) ने कॅश बाद करून पुन्हा विचारा.

रिकामं '/होम' हा बिघाड नव्हे

'एलएस /होम' केलं, काहीच दिसलं नाही, की घाबरायला होतं. बहुतेक वितरणांच्या मूळ सेटिंगमध्ये 'ब्राउझ_मोड' बंद असतो, त्यामुळे सध्या जोडलेली नसलेली नावं यादीत येतच नाहीत. शिवाय चांदणीच्या मॅपमध्ये कुठली नावं आहेत हे ऑटोएफएसला आधी ठाऊकही नसतं. पूर्ण पत्ता देऊन 'एलएस /होम/स्वप्नाली' करा. खरी चाचणी तीच.

याच जागी दुसरी, जास्त त्रासाची गोष्ट लपलेली असते. '/होम' वर ऑटोएफएस बसला की त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर '/होम' मध्ये जे काही होतं ते झाकलं जातं. उबंटू टाकताना बनवलेलं पहिलं ॲडमिन खातं तिथेच राहत असतं. फाइली पुसल्या जात नाहीत, पण पोचता येत नाही. म्हणून ऑटोएफएस सुरू करण्याआधी लोकल ॲडमिनचं होम बाहेर हलवा, उदाहरणार्थ '/व्हार/लोकलॲडमिन' मध्ये: त्या खात्यातून बाहेर पडून रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) 'यूझरमॉड -डी /व्हार/लोकलॲडमिन -एम' आणि शेवटी खात्याचं नाव. सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी हेच खातं तुम्हाला आत घेईल. उलटा उपाय, म्हणजे सगळ्यांची नेटवर्क होम '/नेटहोम' मध्ये ठेवणं, हाही चालतो. मात्र उबंटूवर स्नॅपमधून आलेले प्रोग्राम, उदाहरणार्थ फायरफॉक्स, '/होम' बाहेरचं होम स्वीकारत नाहीत. त्यासाठी 'स्नॅप सेट सिस्टिम होमडिर्स=/नेटहोम' वेगळं द्यावं लागतं.

आता ऑटोएफएस

'फाइंडएमएनटी -टी ऑटोएफएस' चालवा. यादीत '/होम' दिसायला हवं. दिसत नसेल तर मास्टर मॅप वाचला गेलेला नाही. 'ऑटोमाउंट -एम' ने त्याला नेमके कोणते मॅप दिसतात ते छापून येतं. इथे सापडणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. '/ईटीसी/ऑटो.मास्टर.डी' मध्ये फाइल ठेवली, पण नावाच्या शेवटी '.ऑटोएफएस' नाही, अशी फाइल वाचलीच जात नाही. मास्टरमध्ये बदल केला, पण सर्व्हिस रीलोड केली नाही. 'ऑटो.होम' मधल्या बदलाला रीलोड लागत नाही, मास्टरला लागतो. मॅप एलडॅपमध्ये असतील तर '/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ' मध्ये 'ऑटोमाउंट:' च्या ओळीत 'एसएसएस' आहे का, तेही बघा.

एक चूक मात्र अशी आहे की तासन् तास सापडत नाही. 'ऑटो.होम' ला चुकून एक्झिक्यूट परवानगी लागलेली असते, बहुधा कुणीतरी घाईत '७५५' किंवा '७७७' दिल्यामुळे. मॅपचा प्रकार लिहिलेला नसेल आणि फाइल एक्झिक्यूटेबल असेल, तर ऑटोएफएस तिला मजकूर म्हणून वाचत नाही, प्रोग्राम म्हणून चालवायला जातो. फाइल डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, पण एकही होम येत नाही. 'सीएचमॉड ६४४ /ईटीसी/ऑटो.होम' केलं की प्रश्न मिटतो.

नेमकं काय होतंय ते बघायचं तर सर्व्हिस थांबवा आणि रूटने 'ऑटोमाउंट -एफ -व्ही -डी' चालवा. दुसऱ्या कन्सोलवरून 'एलएस /होम/स्वप्नाली' करा आणि पहिल्या कन्सोलवर सरकणारा मजकूर वाचा. 'की नॉट फाउंड इन मॅप' आलं तर दोष मॅपमध्ये. 'नो होस्ट्स अव्हेलेबल' आलं तर मॅप बरोबर आहे, सर्व्हर उत्तर देत नाहीये. बघून झालं की कंट्रोल-सी दाबून सर्व्हिस पुन्हा सुरू करायला विसरू नका.

आणि हे भिंतीवर लावून ठेवा: एकदा माउंट फसलं की ऑटोएफएस तो नकार लक्षात ठेवतो. 'निगेटिव्ह_टाइमआउट' मुळात ६० सेकंदांचा असतो. तुम्ही सर्व्हरवरची चूक दुरुस्त केली आणि दहा सेकंदांत पुन्हा करून पाहिलं, तर जुनाच नकार मिळतो. मग बरोबर केलेली दुरुस्ती चुकीची समजून उलटवली जाते आणि गुंता वाढतो. प्रत्येक बदलानंतर पूर्ण मिनिट थांबा, किंवा त्या मशीनवर कुणी बसलेलं नसेल तर सर्व्हिस रीस्टार्ट करा.

हाताने माउंट करून पाहा

ऑटोएफएस बाजूला ठेवायचा सगळ्यात सरळ मार्ग हा: 'माउंट -टी एनएफएस -ओ व्हर्स=४.२ गोदा:/एक्स्पोर्ट/होम/स्वप्नाली /एमएनटी'. हे चाललं तर सर्व्हर, नेटवर्क आणि एक्स्पोर्ट (सर्व्हरने नेटवर्कला वापरू दिलेली डिरेक्टरी) तिन्ही निर्दोष ठरतात आणि शोध मॅपपुरता उरतो. चाललं नाही तर ऑटोएफएस विसरा. तपासणी संपल्यावर 'यूमाउंट /एमएनटी' करा.

हाताने केलेलं माउंट अडकून बसलं तर आधी 'गेटएंट होस्ट्स गोदा' ने पत्ता बरोबर मिळतो का बघा. मग 'एनसी -व्ही -झेड गोदा २०४९'. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला टीसीपीचा २०४९ हा एकच पोर्ट लागतो. तो बंद असेल तर सर्व्हरवर 'फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --ॲड-सर्व्हिस=एनएफएस' आणि मग '--रीलोड'. उबंटूवर 'यूएफडब्ल्यू' मधून तोच पोर्ट लॅबच्या नेटवर्कसाठी उघडा.

बरेच जण इथे 'शोमाउंट -ई गोदा' चालवतात, ती फसली की सर्व्हर बंद आहे असं धरतात. ती कमांड जुन्या पद्धतीच्या माउंट सर्व्हिसला विचारते, तिला १११ आणि बहुधा २००४८ हे पोर्ट लागतात. फक्त चौथ्या आवृत्तीवर चालणाऱ्या सर्व्हरवर हे पोर्ट बंद असले तरी माउंट अगदी नीट होतं. तिच्या नकारावरून निष्कर्ष काढू नका.

'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं तर सर्व्हरवर '/ईटीसी/एक्स्पोर्ट्स' उघडा. ओळ अशी हवी:

/एक्स्पोर्ट/होम   १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यात जागा नको. एक स्पेस पडली तर अर्थच बदलतो: त्या नेटवर्कला मूळ, म्हणजे फक्त वाचायची, परवानगी मिळते आणि कंसातली लिहिण्याची परवानगी जगातल्या कुठल्याही मशीनला दिली जाते. लॅबमध्ये 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' अशी तक्रार येते आणि त्याच वेळी सर्व्हर सगळ्यांना उघडा पडलेला असतो. सुधारल्यावर 'एक्स्पोर्टएफएस -आरए', आणि 'एक्स्पोर्टएफएस -व्ही' ने प्रत्यक्षात काय लागू झालं ते डोळ्यांनी बघा. फाइलमध्ये लिहिलेलं आणि लागू झालेलं यांत फरक असू शकतो.

पत्ता बरोबर असूनही नकार येत असेल तर क्लायंट खरंच त्या सबनेटमधून बोलतोय का बघा. लॅपटॉप वायफायवर असेल तर त्याचा पत्ता वेगळ्याच रेंजमधला असतो. व्हर्च्युअल मशीन 'नॅट' वर असेल तर विनंती १०२४ च्या वरच्या पोर्टवरून येते आणि सर्व्हर ती नाकारतो. व्हर्च्युअल मशीनला ब्रिज नेटवर्क द्या, तेच सुरक्षित. 'इनसिक्युअर' पर्याय लिहूनही काम होतं, पण तो सवयीने लावू नका.

'रीझन गिव्हन बाय सर्व्हर: नो सच फाइल' हा नवीन विद्यार्थ्यांचा आजार. खातं एलडॅपमध्ये बनवलं, पण सर्व्हरवर डिरेक्टरी कुणी बनवलीच नाही. पहिल्या लॉगिनला होम बनवून देणारं पॅमचं (लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेचं) मॉड्यूल इथे उपयोगी पडत नाही, कारण क्लायंटवर '/होम' ऑटोएफएसच्या ताब्यात असतं आणि त्यात नवीन डिरेक्टरी बनवता येत नाही. ती सर्व्हरवरच बनवायची: 'इन्स्टॉल -डी -एम ७०० -ओ स्वप्नाली -जी स्टुडंट्स /एक्स्पोर्ट/होम/स्वप्नाली', मग '/ईटीसी/स्केल' मधल्या फाइली त्यात टाकून त्यांचीही मालकी बदलायची. वर्षाच्या सुरुवातीला शंभर-दोनशे खाती एकदम बनतात. त्याच स्क्रिप्टमध्ये ही दोन कामं घाला.

वीज गेली, आली, आणि होम गायब

पावसाळ्यात वीज जाऊन आली की सगळी मशीन एकदम उठतात. साधी मशीन अर्ध्या मिनिटात तयार असतात, सर्व्हर मात्र डिस्क तपासत बसलेला असतो. तो उठल्यावरही एनएफएसची चौथी आवृत्ती साधारण ९० सेकंदांची सवलत-मुदत पाळते. बंद पडण्याआधी ज्यांच्या फाइली उघड्या होत्या त्यांना त्या परत मागता याव्यात म्हणून ही मुदत असते, आणि तोवर नव्याने फाइल उघडणारे अडकल्यासारखे दिसतात. या दीड मिनिटात सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केला तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. थांबा.

स्विचचाही यात वाटा असतो. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी स्विचची सोय) जुन्या पद्धतीने चालू असेल तर पोर्ट जोडल्यावर १५ अधिक १५ अशी ३० सेकंद तो डेटा पुढे जाऊ देत नाही. मशीनला मात्र केबल जोडलेली दिसते, पत्ता स्थिर दिलेला असतो, आणि ते नेटवर्क तयार आहे असं समजून पुढे जातं. क्लायंटच्या पोर्टांना स्विचमध्ये 'एज' किंवा 'पोर्टफास्ट' सेटिंग द्या. क्लायंटवर 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' सर्व्हिस चालू आहे याची खात्री करा, नाहीतर ऑटोएफएसच्या युनिटमधल्या 'आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' या ओळीला अर्थ उरत नाही. आणि सर्व्हरला डीएचसीपीवर (आपोआप पत्ता देणाऱ्या सोयीवर) सोडू नका. राउटरही नुकताच उठलेला असतो, वेगळा पत्ता देऊन मोकळा होतो.

मॅप स्थानिक फाइलीत असतील तर उशिरा उठलेला सर्व्हर फार नुकसान करत नाही. मिनिटभराने पुन्हा लॉगिन केलं की होम येतं. मॅप एसएसएसडीमार्फत येत असतील तर मात्र ऑटोएफएस मॅपशिवायच सुरू होऊ शकतो. '/होम' वर तो बसतच नाही. अशा वेळी पॅमचं होम बनवणारं मॉड्यूल चालू असेल, तर लॉगिन करताच मशीनच्या डिस्कवर कोरं होम तयार होतं. विद्यार्थिनीला रिकामा डेस्कटॉप दिसतो, ती दोन तास काम करते, सेव्ह करते, निघून जाते. दुसऱ्या दिवशी ऑटोएफएस नीट चालतो, जुनं होम परत येतं, आणि कालचं काम कुठेच नसतं.

ते काम गेलेलं नसतं, झाकलं गेलेलं असतं. ती कोणत्या मशीनवर बसली होती ते विचारा. त्या मशीनवर रूटने 'माउंट --बाइंड / /एमएनटी' करा आणि '/एमएनटी/होम/स्वप्नाली' मध्ये बघा. साधं बाइंड माउंट मूळ डिस्क दाखवतं, तिच्यावर बसलेलं ऑटोएफएस दाखवत नाही. '/होम' साठी वेगळं पार्टिशन असेल तर ते पार्टिशन '/एमएनटी' वर माउंट करा. फाइली तिच्या सर्व्हरवरच्या होममध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, जुन्यांवर लिहू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. क्लायंटवर ते मॉड्यूल बंद करा: उबंटूवर 'पॅम-ऑथ-अपडेट' मधून, रेड हॅट घराण्यात 'ऑथसिलेक्ट' च्या 'विथ-एमकेहोमडिर' मधून. आणि ऑटोएफएस बंद असताना, '/होम' पूर्ण रिकामं आहे हे पाहून, 'सीएचएटीटीआर +आय /होम' द्या. माउंट त्याच्यावर नेहमीसारखं होतं, पण माउंट नसताना आत कुणालाच, अगदी रूटलाही, डिरेक्टरी बनवता येत नाही. लॉगिन फसेल, तक्रार येईल, पण कुणाचं काम चुकीच्या डिस्कवर जाणार नाही. हा सौदा नेहमी पत्करावा.

माउंट झालं, पण आत जाऊ देत नाही

रूटने तपासत असाल तर आधी हे लक्षात घ्या: 'रूट_स्क्वॉश' मुळे क्लायंटचा रूट सर्व्हरवर 'नोबडी' होतो. ७०० परवानगीच्या होममध्ये त्याला 'परमिशन डिनाइड' येणं हेच बरोबर आहे. 'एसयू - स्वप्नाली' करून मग तपासा. त्रास नको म्हणून 'नो_रूट_स्क्वॉश' लावणं म्हणजे एका मशीनचा रूट मिळवणाऱ्याच्या हाती सगळ्यांच्या फाइली देणं.

'एलएस -एलएन' ने मालकाचा आकडा बघा आणि 'आयडी स्वप्नाली' च्या आकड्याशी ताडून पाहा. साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर क्लायंटने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. प्रत्येक मशीनवर पहिल्या लोकल खात्याचा आकडा १००० असतो. सर्व्हरवरही कुणाचा तरी १००० असेल, तर प्रत्येक मशीनचा तो लोकल यूझर त्या माणसाच्या फाइली उघडू शकतो. नेटवर्क खात्यांचे आकडे १०००० पासून पुढे द्या. सगळ्याच फाइलींचा मालक 'नोबडी' दिसत असेल तर '/ईटीसी/आयडीमॅपडी.कॉन्फ' मधलं 'डोमेन' दोन्हीकडे सारखं करा आणि क्लायंटवर 'एनएफएसआयडीमॅप -सी' चालवा. एखाद्याला ग्रुपची परवानगी असूनही आत जाता येत नसेल तर तो किती ग्रुपमध्ये आहे ते मोजा: साध्या पद्धतीत १६ ग्रुपच पोचतात. सर्व्हरच्या माउंटडीला '--मॅनेज-जीआयडीज' दिलं की सर्व्हर स्वतः ग्रुप बघतो.

फेडोरा, रॉकी, आल्मा यांच्यावर पासवर्डने लॉगिन होतं पण एसएसएच कीने होत नाही, अशी तक्रार आली तर बहुधा एसईलिनक्स (सिस्टिमचा जादा सुरक्षा-पहारा). 'सेटसीबूल -पी यूझ_एनएफएस_होम_डिर्स ऑन' (पी कॅपिटल). खात्रीसाठी 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' मध्ये नकार नोंदलेला दिसतो. एसईलिनक्सच बंद करून टाकण्याची गरज नाही.

करबेरॉस (तिकिटाने ओळख पटवणारी पद्धत) वापरत असाल तर कीने लॉगिन न होण्याचं कारण वेगळं असतं: तिकिटाशिवाय होम वाचता येत नाही, आणि की होमच्याच आत ठेवलेली असते. तिथे पासवर्डने किंवा तिकिटानेच यावं लागतं. घड्याळ पाच मिनिटांहून जास्त मागे-पुढे असलं तरी तिकीट मिळत नाही. मदरबोर्डचा सेल गेलेल्या जुन्या मशीनवर आधी 'क्रोनीसी ट्रॅकिंग' बघा.

अडकलेलं आणि शिळं झालेलं

'सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग' असं 'डीमेसेज' मध्ये येत असेल तर क्लायंट वाट बघतोय. 'हार्ड' पर्यायाचा तोच अर्थ. वैतागून 'सॉफ्ट' लावू नका. तो ठरावीक वेळाने हात टेकतो आणि अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते. होमसाठी हार्डच. अशा वेळी 'डीएफ' सुद्धा अडकतं, 'डीएफ -एल' वापरा. छोट्या फाइली उघडतात पण मोठी डिरेक्टरी किंवा मोठी फाइल उघडली की सगळं थांबतं, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. सर्व्हरवर ९००० आणि मधल्या स्विचवर १५०० असं झालं की नेमकं हेच होतं.

'स्टेल फाइल हँडल' म्हणजे सर्व्हरवर खालची फाइल सिस्टिमच बदलली: डिस्क बदलली, बॅकअपवरून परत आणली, किंवा डिरेक्टरी काढून पुन्हा बनवली. त्या खात्याच्या प्रोसेस बंद करा, 'यूमाउंट -एल /होम/स्वप्नाली' द्या आणि पुन्हा लॉगिन करा. दर रीबूटला होत असेल तर '/ईटीसी/एक्स्पोर्ट्स' मध्ये त्या ओळीला ठरावीक 'एफएसआयडी' द्या. चालू माणसांना धक्का न लावता न वापरातली माउंट सोडवायची असतील तर ऑटोमाउंट प्रोसेसला 'यूएसआर१' सिग्नल पाठवा. 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' आलं आणि सिम्बॉलिक लिंक कुठेच नसेल, तर तो प्रोग्राम बहुधा कंटेनरमधून (प्रोग्रामसाठी केलेल्या वेगळ्या कप्प्यातून) ऑटोएफएसच्या डिरेक्टरीत शिरतोय. कंटेनरला '/होम' देताना माउंट प्रोपगेशन 'आरस्लेव्ह' ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर एक मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि ज्या खात्याने त्या मशीनवर कधीच लॉगिन केलेलं नाही अशा खात्याने, ग्राफिकल स्क्रीनवरूनच, आत जा. टर्मिनलमध्ये 'फाइंडएमएनटी -टी एनएफएस४' मध्ये त्या खात्याची ओळ दिसली, आणि 'टच चाचणी' ने बनवलेली फाइल सर्व्हरवर त्याच मालकाच्या नावाने दिसली, की मगच उरलेल्या एकोणचाळीस मशीनवर तोच बदल करा.